उतारावरची आवक

२ हामले २०१७, आदिस अबाबा

मी तेरेदा हाब्तेवोल्ड, वय वर्षे चौपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, मेर्काटो बाजारातील एका लोखंडी सामानाच्या घाऊक पेढीवर मुख्य लेखापाल; राहणार कोल्फे. ही दैनंदिनी लिहिण्याचा हेतू एकच: मध्यम मिळकतीच्या गृहस्थाला विजेची मोटार परवडते का, आणि ती रोजच्या व्यवहाराला पुरी पडते का, याचा निःपक्षपाती निर्णय करणे. मते बाजारात पुष्कळ मिळतात. अनुभव घेतलेला माणूस मात्र शोधावा लागतो, म्हणून तो मीच व्हावे असे ठरवले. तारखा आमच्या इथिओपियाच्या पंचांगाच्या; ते इतरांच्या सात-आठ वर्षे मागे चालते.

वस्तुस्थिती अशी. पेट्रोलच्या मोटारी देशात आणायला बंदी झाल्यापासून जुन्या पेट्रोल-गाड्यांचे भाव म्हाताऱ्या घोड्याला शिंगराची किंमत यावी तसे चढले आहेत. पंपावरच्या रांगेत आमच्या मालकांचा ड्रायव्हर चादर घेऊन जातो. तेव्हा घ्यायची तर विजेचीच.

आज घरात दुसरा विषय निघाला होता, तोही नोंदवतो. माझ्या सासूबाई, आमारेच, गिबे नदीपलीकडे डोंगराच्या खांद्यावरच्या गावात मुलाकडे, बेझाबिहकडे राहतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे. इथल्या डॉक्टरांच्या मते शस्त्रक्रिया किरकोळ, विलंब मात्र किरकोळ नाही. आणखी थांबलात तर हाती काही राहणार नाही, असे ते स्पष्ट बोलले. अडचण ही की सासूबाई कोणत्याही वाहनात बसत नाहीत. दोन वर्षांपूर्वी बसने आणताना डिझेलच्या वासाने त्यांचे इतके हाल झाले की गिबेच्या पुलावरच त्या उतरल्या, कोणाच्या तरी खेचरावरून परत गेल्या आणि ‘मेले तरी त्या धुरात बसणार नाही’ अशी शपथ घेतली. आज बेझाबिहचा फोन आला. काल त्यांनी झाकण समजून तापल्या तव्यावर हात ठेवला.

 संध्याकाळी येशी कांदा चिरता चिरता एकदम म्हणाली, “ती विजेची गाडी तू म्हणत होतास ना? ती घेऊच.”

दुःख झाले की विषय बदलायचा, ही माझ्या पत्नीची जुनी पद्धत आहे. मी ‘बघू’ म्हणालो.

६ हामले

आज आमच्या एकूबची, म्हणजे भिशीची, चिठ्ठी निघाली. चिठ्ठी गाशे मेकुरियांच्या नावाची. गल्लीत सगळेच त्यांना गाशे म्हणतात, थोरल्या माणसाला म्हणतात तसे. तीस वर्षे त्यांनी जिम्माच्या रस्त्यावर कॉफीचा ट्रक चालवला. आता अंगणात बसून इतरांच्या ट्रकांचे आवाज ऐकतात आणि कोणाचा कोणता बोल्ट ढिला आहे ते सांगतात.

चिठ्ठी हातात घेऊन ते म्हणाले, “मला काय करायचेत एवढे पैसे? माझी आता एकच गाडी यायची राहिलीय, तिला चौघं खांदा देतात. माझा नंबर या हिशेबनिसाला द्या. त्याचा शेवटी आहे, तो मी घेईन.”

“बघा हं गाशे, तो आधी पावती मागेल!” कोणीतरी म्हणाले, आणि सगळे हसले.

पावती मी मागितली, कारण ती मागणे योग्य होते.

एवढे औदार्य त्यांना का सुचले, याचा उलगडा होत नाही. काल येशी त्यांच्याकडे भाजलेले जव आणि कॉफी घेऊन गेली होती आणि बराच वेळ बसली होती. पण त्यांच्या पत्नीच्या वर्षश्राद्धानंतर ती अधूनमधून जातेच.

१५ हामले

गाड्यांच्या आवारात गेलो. धुके इतके की रांगेत उभ्या असलेल्या मोटारी कोणीतरी धुऊन वाळत घातलेल्या वाटत होत्या. पांढरी, लहान, चार दारांची एक निवडली. थोडी वापरलेली; किंमत अठरा लाख बिर. भिशी, बचत आणि पेढीकडून उचल मिळून जमते, जेमतेम जमते.

मी विक्रेत्याला बॅटरीचे आयुष्य, हमी, सुटे भाग आणि डोंगरावरची ओढ यांविषयी प्रश्न विचारले. गृहस्थ बोलका होता.

“कागदावर तीनशे किलोमीटर धावते, साहेब.”

“आणि रस्त्यावर?”

“रस्ता कागदाचा असेल तर तीनशेच.”

हे उत्तर मला प्रामाणिक वाटले. पडद्यावरची अक्षरे सगळी चिनी. आकडे मात्र आपले आणि चारचौघांचे एकच, त्यामुळे मला भीती नाही. बॅटरी कधी बदलावी लागली तर काय, यावर त्याने आकाशाकडे बोट दाखवले. ही नोंद मी ‘अनिश्चित देणे’ या सदरात करतो.

येशीने एकच प्रश्न विचारला. ती मागच्या बाकावर बसली, डोळे मिटले, काचा वर करून घेतल्या आणि इतका वेळ तशीच राहिली की मला वाटले तिला झोप लागली. मग खाली उतरून म्हणाली, “हिला वास येतोय.”

“प्लास्टिकचा, ताई. जाईल हळूहळू.”

“किती हळूहळू? मेस्केलच्या सणापर्यंत जाईल?”

अठरा लाखांच्या व्यवहारात हा मुद्दा गौण होता. मी विषय पुढे नेला.

२८ हामले

गाडी घरी आली. आवाज नाही. मी याविषयी वाचले होते, तरीही मनाची तयारी नव्हती. आपण चाललो आहोत की रस्ताच कोणीतरी सावकाश मागे ओढून घेतो आहे, हे कळेना. कोल्फेच्या चढावर निलगिरीची पाने एकमेकांना लागत होती, ते गाडीत बसून ऐकू आले. एक गाढव शेवटच्या क्षणापर्यंत बाजूला झाले नाही. झाले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर फसवले गेल्याचा भाव होता.

पहाटे स्वप्न पडले. मी पेढीवरच्या खुर्चीत बसलो आहे आणि खुर्ची अलगद मेर्काटोतून निघाली आहे, पत्र्याच्या दुकानांवरून, मशिदीवरून, मग नुसत्याच ढगांतून. पायाखाली पाणी वाहत होते आणि ते मला ओळखत होते. मी स्वप्ने सहसा लिहीत नाही. हे गाडीच्या संदर्भात असल्याने लिहिले.

१२ नेहासे

चौदा दिवसांचा आढावा. पेढीवर जाणे-येणे, बाजार, चर्च: यांना वीज लागते ती घरच्या दिव्यांत मिसळून जाते, वेगळी दिसतही नाही. त्याच अंतराचे पेट्रोल घेतले असते तर पगाराचा आठवा हिस्सा गेला असता. हे जमेच्या बाजूला. विरुद्ध बाजूला असे की वीज जाते. चार दिवस गेली तेव्हा मी मिनीबसला लटकून कामावर गेलो, आणि शेजाऱ्यांनी माझ्या उभ्या गाडीच्या टपावर मिरच्या वाळत घातल्या.

येशीच्या वागण्याचा अर्थ लागत नाही. गाडीची चारही दारे ती दिवसभर उघडी ठेवते. परवा मी परत आलो तर ती मागच्या बाकावर लहान शेगडी घेऊन बसली होती आणि कॉफीचे दाणे भाजत होती.

“हे काय चाललंय?”

“वास घालवतेय.”

“गाडी जळेल!”

“मग जळाल्याचा येईल. प्लास्टिकचा तरी जाईल.”

मी तिला आगीच्या विम्याच्या अटी समजावून सांगितल्या. तिने शेगडी विझवली. आज मात्र बाकाखाली तिने लिंबाच्या साली आणि वाळलेला गवती चहा ठेवलेला आढळला. घराच्या स्वच्छतेचे वेड गाडीवर उतरले आहे, इतकेच मी म्हणेन.

बेझाबिहचा पुन्हा फोन. सासूबाई आता मुला-सुनेलाही पावलांच्या आवाजावरून ओळखतात.

३ पागुमे

वर्षाच्या शेवटी उरलेल्या या पाच दिवसांचे मला लहानपणापासून कौतुक आहे. ते कोणत्याच महिन्यात धरता येत नाहीत, आणि तरीही असतात. आज देवदूत रुफाएलचा दिवस. आजचा पाऊस पवित्र; सगळी गल्ली भिजायला बाहेर आली होती. येशीने गाडी अंगणातून गल्लीच्या मध्यावर ओढायला लावली आणि काचा उतरवून थोडे पाणी आतही घेतले. मी विरोध केला नाही. पाऊस होता, ऊनही होते, आणि सगळ्यांचे चेहरे पाण्याखालून पाहावेत तसे दिसत होते.

गाशे मेकुरिया काठी टेकत आले आणि चालकाच्या जागी बसून गिअरचा खटका फिरवून पाहू लागले.

“काय रे हिशेबनीसा, मेस्केलला गिबे उतरणार म्हणे?”

“हो, गाशे. सासूबाईंच्या घरी. येशीची इच्छा आहे.”

“आणि चढाला करंट पुरेल?”

मी माझे गणित सांगितले. दरीच्या अलीकडे वोल्किते गावी रात्र काढून गाडी भरून घ्यायची, मग दरी उतरायची आणि पलीकडचा अर्धा चढ चढायचा.

“गणित राहू दे. हे बघ.” त्यांनी खटक्यावरच्या एका अक्षरावर बोट ठेवले आणि त्यांचा चेहरा उजळला. “न्यूट्रल! बाकी सगळं चिनी, पण न्यूट्रल आपलं. वोल्किते सुटलं, दरीच्या तोंडाशी आलास की न्यूट्रलला टाकायची आणि सोडून द्यायची. पुलापर्यंत थेंबाचा खर्च नाही. तीस वर्षं मी ती दरी फुकट उतरलोय. मालकाला कधी कळलं नाही. वाचलेलं डिझेल विकून मी पोरीचं लग्न केलं.”

ज्याने भिशीचा नंबर दिला त्याचा सल्ला मानणे हे कर्तव्य होय. शिवाय सल्ल्यामागचे तत्त्व, म्हणजे जेथे खर्च टळतो तेथे तो टाळावा, हे माझ्या आयुष्याचेच तत्त्व आहे.

१५ मेस्केरेम २०१८, वोल्किते

नवे वर्ष लागून पंधरवडा झाला. माळांवर पिवळी फुले पसरली आहेत. मेस्केलसाठी अर्धे आदिस अबाबा गावाकडे निघाले होते: बसच्या टपावर बोकड, खिडक्यांतून गाद्या, आणि मधून आमची मोटार स्वतःशीच चालल्यासारखी. मागच्या बाकावर लोण्याचा घडा. गल्लीतल्या बायकांनी वर्षभर आळीपाळीने लोणी घालून तो भरला. या वेळचा वाटा येशीचा.

वोल्कितेला चुलत भावाकडे पोचलो तेव्हा बॅटरीत बावीस टक्के होते. अपेक्षेपेक्षा कमी; बाकीचे चढ, पाऊस आणि पुढे जाण्याची सगळ्यांची घाई यांनी खाल्ले. तरी चिंता नव्हती, कारण रात्रभर भरायची होती.

गावात वीज नाही. सणाला सगळ्यांनी एकदम दिवे लावले आणि सकाळीच काहीतरी जळाले, असे भाऊ म्हणतो. तो हसतो आहे. “तुझी गाडी उपवासाला बसली म्हणायची!”

१६ मेस्केरेम, बेझाबिहचे घर

आजची नोंद मोठी होईल.

दुपारपर्यंत वीज आली नाही. संध्याकाळी मेस्केलची होळी पेटणार. त्याआधी आईच्या दारात पोचायचे, यावर येशी अडून बसली. मी हिशेब केला. दरीच्या तोंडापर्यंतचा खर्च वजा जाता तेरा टक्के उरतात. उतार फुकट. तेरा टक्क्यांत पलीकडचा अर्धा चढ कसाबसा होतो. निघालो.

दरीचे तोंड आले. खाली सगळे निळे होते. मी खटका न्यूट्रलवर फिरवला आणि गाडी सोडली.

ती काही मिनिटे काय होती हे कोणत्या सदरात लिहावे मला समजत नाही. गाडी पडत होती, पण पडल्यासारखी नव्हे; दरी वर येत होती. गिधाडे आमच्या बरोबरीने, मग आमच्या वर. वळण, पुन्हा वळण, बाभळी, कोळशाची पोती, हात हलवणाऱ्या बायका. हवा ऊबदार झाली. येशी खिडकीत डोके टेकून हसत होती. तिला तशी हसताना मी किती दिवसांनी पाहिली. पडद्यावरचा आकडा तेरावर स्थिर होता. एक कण खर्च न होता आपण इतके खाली येतो आहोत, या आनंदात मी ब्रेकवर पाय ठेवून होतो. सगळा उतार.

पुलाजवळ गाडी थांबवली तेव्हाही तेराच होते. मी येशीला तो आकडा दाखवला.

तिने पाहिला नाही. तिने नाक वर केले. “वास येतोय.”

चारही चाकांतून पातळ धूर निघत होता. “ब्रेक तापलेत,” मी म्हणालो. “निवतील.”

“वास येतोय, तेरेदा!”

निवायला वेळ द्यावा लागला. खाली उन्हाळा होता; घड्यातले लोणी पातळ होऊन कडेने ओघळले. मग चढाला लागलो, आणि आकडा असा उतरू लागला की मी दुसरीकडे पाहणे पसंत केले. पाच टक्क्यांना पडद्यावर एक पिवळे कासव उमटले. या भाषेला दुभाषा लागत नव्हता. पुढच्या वळणावर गाडी थांबली. वर, डोंगराच्या खांद्यावर, येशीच्या माहेरचा धूर दिसत होता.

मी म्हणालो, “काळजीचं कारण नाही. कोणी ना कोणी ओढेल. उद्या आपण पोचलोच असं समज.”

“पोचायचं कोणाला होतं?” येशी रस्त्याच्या कडेला दगडावर बसली. “मला तिला न्यायचं होतं. वास नसलेली गाडी, म्हणून घ्यायला लावली मी ही. म्हणून गाशेंच्या पाया पडले. म्हणून दोन महिने नाकानं ही गाडी पुसतेय. आणि तू तिला जाळून आणलीस. आता आई दारातूनच परत फिरेल.”

 मी विचारले, “मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तिचे डोळे तू एका बाजूला लिहिले असतेस आणि अठरा लाख एका बाजूला. आणि मग दोन्हीच्या खाली रेघ मारली असतीस.”

तिने रागाने म्हटले असते तर मी उत्तर दिले असते. ती फक्त थकली होती. बाकावरच्या लिंबाच्या साली, शेगडी, रुफाएलचा पाऊस, विक्रेत्याला विचारलेला तो प्रश्न, सगळे या दैनंदिनीत माझ्याच हस्ताक्षरात आहे. ते मी लिहिले. वाचले नाही.

रिकाम्या पोत्यांचा एक ट्रक आला. चालकाने मान बाहेर काढली. “काय झालं, साहेब? विजेचं बिल भरायचं राहिलं काय?”

दोर त्यानेच दिला. न्यूट्रलची हकिकत ऐकून तो स्टिअरिंगवर डोके टेकून हसला. “गाशे मेकुरिया ना? या रस्त्यावर सगळ्यांना त्यांनीच बिघडवलंय! बसा, बसा ताई, लोणी सांभाळा.”

तो ओढू लागला. मी गाडी चालू ठेवून खटका पुढच्या अक्षरावर ठेवला होता, इतकेच. थोड्या वेळाने पडद्याकडे पाहिले. विजेचा प्रवाह दाखवणारे बाण उलटे फिरले होते. चार होते ते पाच झाले. पाचाचे सहा.

“मागनं कोण ओढतंय रे?” ट्रकमधून हाक आली. “गाडीत सैतान बसवलाय की काय?”

तेव्हा कळले. ही गाडी ओढली गेली की कमावते. चाके फिरवणारा कोणी भेटला की ती वीज परत साठवते, आणि त्या साठवण्यातच स्वतःला आवरून धरते, ब्रेक न लावता, धूर न काढता. म्हणजे वरून खाली येताना अख्खी दरी मला वीज देत होती. मी न्यूट्रलला टाकून ती देणगी नाकारली आणि नुसती पोळवली. चढाला जेवढे कमी पडले, बहुतेक तेवढेच.

खाली गिबे चमकत होती. याच नदीचे पाणी पुढे उंचावरून पडते, त्याची वीज होते, ती तारांवरून माझ्या कोल्फेच्या भिंतीत येते. पाणी फुकट पडू द्यायचे नाही एवढे सगळ्या देशाला ठाऊक होते.

होळीच्या आधी पोचलो. सासूबाई दारात होत्या. मला त्यांच्याकडे पाहवले नाही.

१७ मेस्केरेम, मेस्केल

सण. मांस, मिरची, लोणी, कोचोच्या, म्हणजे आंबवलेल्या केळगाभ्याच्या, भाकऱ्या. पिठाची गिरणी सुट्टीमुळे बंद, म्हणून गिरणीवाल्याने त्याची तार माझ्या गाडीला दिली. “आज हिलाच दळू दे,” तो म्हणाला.

येशीने सकाळपासून चाके धुतली. मी मदत केली. माझ्या नाकाला काही कळत नव्हते, पण मी प्रत्येक चाकाशी वाकून वास घेतला आणि तिला प्रामाणिकपणे सांगितला. दुपारपर्यंत फक्त ओल्या मातीचा उरला.

जेवणानंतर तिने आईचा हात धरून गाडीपाशी आणले. सासूबाईंनी भाजलेल्या हाताचे फडके सावरत दुसऱ्या हाताने पत्रा चाचपला, दार, काच, पुन्हा पत्रा.

“जिवंत आहे की मेलीय ही? आवाज नाही.”

“झोपलीय, आई.”

“झोपलेली बरी. हिच्यात बसवायला तुझा मोजमाप्या नवरा मला काय देणार?”

“काहीच नाही, आई,” मी म्हणालो. “वास आला तर तुम्ही सांगाल तिथे थांबेन.”

“पुलावर आला तर?”

“पुलावर.”

त्या मागे बसल्या, लिंबू नाकाशी धरून. गाडी उभीच होती, तार लावलेली. गावातल्या पोरांनी दोन्ही बाजूंनी धरून ती झुल्यासारखी हलवायला घेतली. सासूबाई हसल्या. मग त्यांनी बाहेर येऊन आमच्या डोक्यावर लोणी आणि हिरवे गवत ठेवले, आणि लोण्याचे बोट गाडीच्या कपाळाला पुसले.

“परवा,” त्या म्हणाल्या. “पण माझी अट आहे ती आहे.”

येशी रात्री झोपेत आईचा हात धरून होती. पहाटे मला पुन्हा ते पाणी दिसले. या वेळी ते पायऱ्यांवरून उतरत होते आणि प्रत्येक पायरीवर कोणीतरी दिवा लावत होते.

१९ मेस्केरेम, वोल्किते

परवडते का, या प्रश्नाचा निर्णय आज लिहायचा असे मी ठरवले होते. आकडे तयार आहेत. आधी घडले ते लिहितो.

सकाळी निघालो. मागे सासूबाई, त्यांच्याजवळ येशी. लिंबू नाकाशी, डोळे घट्ट मिटलेले, दुसरी मूठ दाराच्या कडीवर. पोरे निरोप द्यायला गाडीला लगडून ती पुन्हा हलवत होती. बेझाबिहने त्यांना बाजूला केले आणि मी काहीही न बोलता पाय अलगद दाबला.

आज खटका मी न्यूट्रलला नेला नाही. उतार आला आणि गाडीने स्वतःच स्वतःला आवरले, एखाद्या वडीलधाऱ्याने चढउतारावर आपला दंड धरावा तसे. ब्रेकला पाय लागला असेल तर दोनदा. चाके थंड. काचा मी थोड्या उतरवल्या होत्या. बाभळीवरचे पक्षी, एका बाईचे खोकणे, मग खालून हळूहळू वर येणारी नदी, सगळे ऐकू येत होते. मी आरशात पाहत होतो. सासूबाई हलत नव्हत्या. फक्त लिंबू फिरवत होत्या.

पूल आला. येशीची बोटे मागून माझ्या खांद्यात रुतली. मी वेग कमी केला, थांबायला सांगितले तर थांबता यावे म्हणून. नदीचा आवाज दोन्ही खिडक्यांतून आत आला आणि गाडीभर झाला. सासूबाईंनी मान किंचित कलती केली.  मग आवाज मागे राहिला.

चढ. वळणे. वरची गार हवा. वोल्कितेच्या अलीकडचा माळ लागला, पिवळी फुले लागली, आणि सासूबाईंनी लिंबू खाली केले.

“येशी,” त्या वैतागून म्हणाल्या, “त्या पोरांना सांग गं, हलवणं पुरे झालं. पोटातलं पाणी हलायला लागलं. आणि तुझ्या नवऱ्याला म्हणावं, निघायचं तर निघ एकदाचा. मघाशी तर मला गिबेसुद्धा ऐकू आली, माझं मन आपलं आधीच पुढे पळतंय. जीव मुठीत धरून माणसानं बसायचं तरी किती? लिंबू सुकलं.”

आरशात येशी दिसली. एक हात तोंडावर, दुसऱ्याचे बोट ओठांवर, मला खूण करीत. आणि डोळ्यांतून पाणी हनुवटीपर्यंत आलेले.

या दैनंदिनीत मी एकही चुकीची नोंद केलेली नाही, आणि तोंडानेही सहसा करीत नाही.

“निघतोच आहे, आई,” मी म्हणालो. “तेवढी पोरं बाजूला होऊ देत.”

तेरेदा हाब्तेवोल्ड
वोल्किते
१९ मेस्केरेम २०१८